टँगोमधली बाई

वजन हो, वजन! निव्वळ वजनावर ठरवलं त्यांनी! म्हणे, मधू सगळ्यात हलका, धरायला सोपा, म्हणून मधू बाई! अहो, पन्नाशीला टेकलेला माणूस मी, गुहागरला घरी बायको मनोरमा आहे, मुलगी कॉलेजात जाते, आणि इथे शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये, लोखंडाच्या यार्डात, सेफ्टी बूट घालून मी टँगोमधली बाई? आता मला सांगा, मी काय नाचणारा माणूस आहे?

झालं काय, आमच्या एचआरच्या मॅडम, जैनब. लेबनॉनच्या. स्वभावाने गोड, पण डोक्यात कल्पना फार! यंदाच्या फॅमिली डेला काय, तर 'डान्सेस ऑफ द वर्ल्ड'! बरं, ज्याचा नाच त्याला द्यावा की नाही? छे! "नो नो हबीबी, प्रत्येकाने दुसऱ्याचा नाच शिकायचा!" आणि हेल्मेटात चिठ्ठ्या टाकल्या. मेलमध्ये लिहिलं होतं 'व्हॉलंटरी'. इथे व्हॉलंटरी म्हणजे काय, माहितीय ना? सुपरवायझर शेजारी येऊन उभा राहतो आणि विचारतो, "नाव दिलंस का?"

तर फिलिपिनोंना निघाला भांगडा! चणीने एवढीएवढीशी पोरं, खांदे उडवत "बल्ले बल्ले" ओरडतायत, आणि आमचे वेल्डर सरदारजी भिंतीकडे तोंड करून बसलेत. नेपाळच्या पोरांना आयर्लंडचा. तो पाहिलाय कधी? वरचा माणूस बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा ताठ, हात मांडीला चिकटलेले, आणि गुडघ्याखाली नुसती आग लागलेली! केरळवाल्यांना जैनब मॅडमच्या गावचा दबके... हातात हात गुंफून रांगेने जमीन बडवायची. बडवली! कँटीनची फरशी सुटली. आणि पेशावरच्या मंडळींना फिलिपिन्सचा बांबूवाला. दोघे जण बांबू आपटणार, आणि तुम्ही त्यांच्या मधून पाय वाचवत नाचायचं. आमचा रूममेट फैज, सहा फुटी माणूस, घोटा सुजून कलिंगड झाला, तरी म्हणतो, "यार, मज़ा आया!"

आणि आम्हा मराठी माणसांना टँगो. अर्जेंटिनाचा. जोडीने. एक बाई, एक पुरुष. आमच्या कंपनीत बायका तीन, आणि तिघीही परीक्षक! मग काढला वजनकाटा...

तेवढंही गिळलं असतं हो. पण पुरुष कोण? उपेंद्र!

आता उपेंद्र म्हणजे कोण, ते ऐका. देवरूखचा. शारजात एका खोलीत आम्ही तिघं राहतो, मी, उपेंद्र आणि फैज. मी यार्डातली मोठी क्रेन चालवायचो. वर केबिनमध्ये मी, खाली माल बांधायला उपेंद्र. बारा वर्षं! आणि एके दिवशी हा गेला की सेफ्टी ऑफिसात, आणि सांगून आला, "मधूला चक्कर येते, त्याला वर पाठवू नका." मला न विचारता! खलास! क्रेन गेली, मला स्टोअरमध्ये बसवलं. हातमोजे द्या, हातमोजे घ्या. तेव्हापासून दोन वर्षं मी त्याच्याशी शब्द बोललो नाही. एका खोलीत राहून! काही हवं असलं की, "फैज, उसको बोल लाइट बंद करे." तिकडून, "फैज, उसको बोल खुद उठे." दोघे रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि मध्ये दुभाषा पेशावरचा!

आणि अशा माणसाच्या गळ्यात हात टाकायचा? आता मला सांगा, मी काय नाचणारा माणूस आहे?

शिकवायला आमचा इलेक्ट्रिशियन यहया. इजिप्तचा. तरुणपणी अलेक्झांड्रियात टँगो शिकलेला म्हणे. "यल्ला! आँखों में देखो! प्यार से!" मी म्हटलं, यहयाभाई, प्यार जाऊ दे, मी याच्या शर्टाच्या बटणाकडे बघतो. "नो! आँखें! जैसे बरसों बाद मिला!" काय सांगू तुम्हाला... दोन वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही, ते वीतभर अंतरावर! दाढी पिकली होती हो त्याची. मला पत्ताच नाही.

आणि बोलायचं तर नाही! मग मी तिथूनच ओरडतो, "फैज! उसको बोल मेरे पाँव से उतरे!" फैज कोपऱ्यात घोट्याला बर्फ लावून बसलेला, तो कळवतो, "उपेंद्र, मधूभाई बोलता है, उतरो." तो म्हणतो, "उसको बोल, पाँव पीछे ले. लेडीज पीछे चलती है."

लेडीज! मला!

मग यहयाने ती गिरकी काढली. त्याने मला फिरवायचं, मी गर्रकन वळायचं आणि मागे कलायचं, एवढंच. मी वळलो... आणि कँटीन वळतच राहिलं. दिवे खाली, फरशी वर, कानात शिट्टी. हात सुटला. म्हटलं, आता डोकं आपटणार. पण नाही आपटलं. पाठीखाली हात होता. उपेंद्र गुडघ्यावर बसला होता आणि मी त्याच्या दंडावर आडवा. यहयाला वाटलं, स्टेप जमली! "ब्राव्हो! ब्राव्हो!" टाळ्या!

आणि उपेंद्र पहिल्यांदा फैजला न सांगता थेट बोलला. हळूच.

"अजून येते ना?"

मी म्हटलं, "येते."

"वर केबिनमध्ये आली असती तर धरायला कोण होतं, मध्या? आणि मनोरमावहिनीला फोन कोणी केला असता? मीच ना? तो फोन मला करायचा नव्हता."

पन्नास माणसं टाळ्या वाजवतायत, मी बाई, आणि डोळ्यांत पाणी! यहया ओरडतोय, "येस! फीलिंग! यही फीलिंग माँगता!" मी म्हटलं, "उपेंद्रा, आधी मला उभा कर."

दुसऱ्या दिवशी तोच मला डॉक्टरकडे घेऊन गेला. कानाचा दोष निघाला. गोळ्या चालू आहेत. क्रेन काही परत मिळणार नाही, ते मलाही कळतं. फॅमिली डेला गिरकी गाळून नाचलो. बक्षीस नेपाळच्या पोरांनी नेलं, आम्हाला साध्या टाळ्या. पण खोलीत आता मराठी ऐकू येतं. भांडणंच जास्त, पण थेट! फैज बिचारा म्हणतो, "अब मेरा काम ही नहीं रहा."

संपलं म्हणता? कुठलं! उपेंद्रानेच व्हिडिओ धाडला गुहागरला. लगेच मनोरमाचा फोन. "अहो, माझ्या भावाच्या वरातीत मी नाचायला हात धरून ओढलं तर तुमची कंबर धरली होती, आणि तिकडे उपेंद्रभावजींच्या गळ्यात पडून हे काय चाललंय? काही नाही, मे महिन्यात पुतण्याची हळद आहे, तेव्हा माझ्याबरोबर हेच नाचायचं!" मी म्हटलं, अगं, मी काय नाचणारा माणूस आहे? आणि मला येते ती फक्त बाईची बाजू!

"असू दे की. मी पुरुषाची शिकते. यूट्यूबवर आहे सगळं."

शिकेल हो ती, इन्शाल्ला! तिला अवघड काय आहे त्यात? पुढे चालायचं, वळवायचं, मनात येईल तिथे थांबवायचं... लग्न झाल्यापासून तेच करतेय. आता फक्त मागे गाणं लागेल!