पक्की नोकरी कोणाची

चोपड्याच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीला रांग होती. पार्वताबाईंच्या मागे झुलालआबा पुतण्या गुलाबला पढवत होते. दोघं मुलगी पाहायला निघालेले.

“काय करतो विचारलं, तर खत कारखान्यात शे म्हण.”

“केळीचे खांब चिरून गांडुळांना घालतो, ते?”

“गप! नोकरी पक्की म्हण.”

“पक्की गांडुळांची शे, आबा. त्यांना छप्पर शे, दोन वेळा पाणी शे. मी उन्हात, रोजंदारीवर.”

“आज सुटी तरी शे ना?”

“चार वाजता पाणी मारायला बोलावलंय. नाही गेलो तर उद्या दुसरा.”

“चारला तर पोहे येतील रे!”

“तुम्ही खा. पसंत पडली तर सांगा.”

पार्वताबाई मागे सरकल्या. “भाऊ, माझ्यापुढे लाग. पोरगी तरी पाहून घे.”