समुद्र काय पळून चाललाय?

हसा, हसा! पोटभर हसून घ्या! बाहेर गुडघाभर बर्फ साचलाय, आपल्या कोल्ड स्टोरेजच्या आत तर विचारूच नका, आणि हा माणूस पायात हॉटेलच्या बाथरूमच्या चपला घालून कामावर आलाय! निळ्या! त्याही दोन्ही डाव्या! अहो, हसणारच तुम्ही. पण विचारलंत का एकाने तरी, की बाबा रे, तुझे बूट कुठे गेले? नाही ना? मग सांगतोच आता. तो चहा ठेवा तिथेच, मागून घेतो.

मला सांगा, मी काय मोठा राजवाडा मागितला होता का? इतकी वर्षं या गोदामात मटारची खोकी इकडून तिकडे लावतोय. माझ्या पायांची बोटं आमच्या हिने लग्न झाल्यापासून एकदाही गरम बघितलेली नाहीत. पांघरुणात चुकून पाय लागला तर अजून किंचाळते! तेव्हा म्हटलं, आयुष्यात एकदा, फक्त एक संध्याकाळ, समुद्रावर जायचं. बूट काढायचे, मोजे काढायचे, पँट दुमडायची आणि कोमट पाण्यात पाय बुडवून सूर्य मावळेपर्यंत नुसतं उभं राहायचं. बस्स! साहेबांनी सुट्टी दिली तीसुद्धा जिवावर आल्यासारखी, दोनच दिवस. एक जायला, एक यायला. म्हणजे मधली ती संध्याकाळ तेवढी आपली. ती हुकली की संपलं!

तिकिटं काढली माझ्या मेव्हण्याने. आणि तिथेच तर घोडं पेंड खातं! ‘भाऊजी, असलं स्वस्तात पटवलंय म्हणून सांगू! फक्त वाटेत एक विमान बदलायचं.’ म्हटलं, अरे, पण सूर्य मावळायच्या आत पोहोचू ना आम्ही? तर दात कोरत म्हणतो कसा, ‘भाऊजी, एवढी घाई कसली? समुद्र काय पळून चाललाय?’

हे वाक्य... हे वाक्य लक्षात ठेवा.

पहाटे निघालो. बॅगेचं वजन जास्त भरलं, तर हिने काय करावं? बॅगेतलं सगळं काढून माझ्या अंगावर चढवलं! दोन स्वेटर, त्यावर कोट, मफलर, आणि पायात हे आपले कंपनीचे बूट. ‘अहो, चपला राहू द्या बॅगेत, तिथे गेल्यावर घाला.’ बरं! आता आपले बूट तुम्हाला ठाऊकच आहेत, पुढे पोलादी टोपी. तपासणीच्या कमानीतून गेलो... टींऽऽ! कोट काढा. काढला. टींऽऽ! स्वेटर काढा. काढला. मागे ही भलीमोठी रांग, माणसं उसासे टाकताहेत, आणि मी एकेक पापुद्रा काढत उभा! शेवटी बूट काढले तेव्हा कुठे ती कमान गप्प झाली. हिने तर ओळखच दाखवली नाही हो. लांब जाऊन पाटी वाचत उभी!

विमानात बसलो तर विमान हलेना. का? पंखांवर बर्फ बसलाय म्हणे! अरे, बर्फ बसलाय तर बसलाय, मी रोज काय करतो? मी उठून विमानातल्या त्या बाईंना म्हटलं, ‘ताई, मला एक फावडं द्या, शिडी द्या, आत्ता मोकळे करून देतो.’ त्या मधाळ आवाजात म्हणतात, ‘सर, कृपया बसून घ्या.’ म्हटलं, अहो, माझी संध्याकाळ जातेय! तर शेजारचा गृहस्थ, डोळ्यांवर फडकं बांधून झोपलेला, आतूनच बोलला, ‘झोपा हो जरा! समुद्र काय पळून चाललाय?’

यालाही ठाऊक! मेव्हण्याने काय दवंडी पिटली होती का?

मग व्हायचं तेच झालं. मधल्या विमानतळावर उतरलो तर पुढचं विमान आमच्या डोळ्यांदेखत गेलं. काचेला नाक लावून बघत बसलो. दुसऱ्या विमानात जागा मिळाली ती शौचालयाला टेकून, आणि वरून गार वाऱ्याचा झोत, बरोबर टाळूवर! ते भोक फिरवलं, दाबलं, मफलर कोंबला... छे! आपल्या मटारांची कीव आली हो मला. खरंच आली.

उतरलो. दारातून बाहेर आलो आणि काय सांगू... ऊन! खरंखुरं ऊन! पण पार कललेलं. आणि बॅग? बॅग आलीच नाही. खिडकीतला माणूस म्हणतो, ‘तक्रार लिहून द्या, खुणा सांगा.’ म्हटलं, सूर्य बघा, सूर्य! तो बोटं मोडत म्हणाला, ‘साहेब, समुद्र काय...’ पुढचं मी ऐकलंच नाही! हिचा हात धरला आणि टॅक्सीत कोंबली. हॉटेलच्या दाराशी उतरलो तो तसाच धावलो, अंगात कोट, पायात बूट, घामाच्या धारा. वाळूवर पोरं बघताहेत, कुत्री भुंकताहेत... आणि पुढे पोहोचलो तर...

समुद्र नव्हता.

शपथेवर सांगतो, नव्हता! जिथे नजर जाईल तिथे चिखल! किनाऱ्यावरचा रखवालदार विडी विझवत म्हणाला, ‘ओहोटी आहे साहेब. तो काय, तिकडे लांब चमकतोय.’

पळाला होता हो! सगळे दिवसभर मला वेड्यात काढत होते, आणि तो खरंच पळाला होता!

पण मी सोडतोय होय? निघालो त्या चमकत्या रेघेकडे. ही काठावरून ओरडतेय, ‘अहो, परत या! अहो, रुताल!’ रुतलोच. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. पाय उपसले तर नुसते पायच वर आले, बूट खालीच! आणि तेवढ्यात समोर सूर्य गेला. गेला बुडून. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात मेव्हण्याचा फोन. ‘काय भाऊजी, कसा आहे समुद्र?’ फोनच बंद केला.

अंधारात बूट कुठे शोधणार? तसाच चिखलाच्या मोज्यांनी परतलो, पलंगावर पडलो आणि असा मेल्यासारखा झोपलो, की दुसऱ्या दिवशी जाग आली ती परतीच्या टॅक्सीच्या भोंग्याने. सूर्य डोक्यावर! बूट आठवले, पळत गेलो... तर समुद्र हजर! तुडुंब! थेट हॉटेलच्या भिंतीला लाटा! शिरलो पाण्यात, गुडघ्यापर्यंत, हाताने चाचपतोय, इथे असतील, तिथे असतील, कंपनीचे बूट, साहेब काय म्हणतील... आणि काठावरून ही म्हणते, ‘अहो... बघा तरी! समुद्रात उभे आहात तुम्ही!’

मी खाली बघितलं. खरंच की.

टॅक्सीत बसल्यावर तिने हळूच विचारलं, ‘पाणी कोमट होतं का हो?’ आता काय सांगू तिला? मी बूट शोधत होतो हो! लक्षच नव्हतं! मिळालेही नाहीत. हॉटेलवाल्याला दया आली, त्याने या चपला दिल्या.

आज आल्या आल्या स्टोअरच्या खिडकीवर गेलो. म्हटलं, दादा, पाया पडतो, बुटांचा एक जोड दे. दादाने सावकाश चष्मा पुसला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात माल येईल तेव्हा बघू. घाई कसली? बूट काय पळून चाललेत?’

...द्या तो चहा इकडे. गार झाला ना? होणारच. आमचा आहे ना तो!