लाटेवरची सही

पाण्यांचा अधिपती जो वरुणदेव, खोटे बोलणाऱ्यासाठी ज्याच्या हाती पाश असतो आणि खरे बोलणाऱ्याला जो वाट देतो, त्याला प्रथम वंदन करतो. मंगलमूर्ती गजानन आणि वाग्देवी यांच्या चरणी मस्तक ठेवतो. त्यांच्या कृपेवाचून माझ्यासारख्याची जीभ हलणार नाही, आणि आज ती हलणे अवश्य आहे.

सभेचे माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील वंदनीय पाहुणे, ज्ञानोदय वाचनमंदिराचे पंचवीस वर्षांचे चिटणीस व आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत त्र्यंबकपंत आंबवडेकर, पडद्यापलीकडील माताभगिनी, आणि विंझर-भोंगवलीकडून उन्हातान्हाचे चालत आलेले ग्रामस्थ हो,

निरोपाच्या सभेत वरुणाचे स्मरण कशाला, असे आपल्या मनात आले असेल. वरंधा घाट उतरल्यावाचून आपल्याला समुद्राचा वाराही लागत नाही. भाटघरला धरण झाले तेव्हा एवढे पाणी एके ठिकाणी पाहून आपल्यातले कित्येक हात जोडून उभे राहिले होते. पण आज पंतांच्या मांडीवर एक समुद्र आहे. आत्ताच अध्यक्षांच्या हस्ते त्यांना ही काचेची बाटली अर्पण झाली, आपण टाळ्याही वाजवल्या. तीन डोलकाठ्यांचे, शिडे फुगलेले गलबत आत उभे आहे, आणि बाटलीचे तोंड माझ्या अंगठ्याहून फार रुंद नाही.

एक सूचना करतो. बाटली गोल असते, टेबलावर ठेवली तर घरंगळते. तिचा सागवानी टेकू माझ्यापाशी आहे, तो भाषण संपताच देईन. तोवर पंतांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवावी. पंतांना कोणी पाणी आणले आहे का? राहू द्या, त्यांचे हात मोकळे नाहीत.

ही भेट पंतांनी स्वतः मागितली, हे सभेला कळले पाहिजे. मंडळाचे लोक त्यांच्याकडे गेले आणि शाल घ्याल की चांदीचे तबक, असे विचारू लागले. पंत म्हणाले, शाली पुष्कळ झाल्या. वाचनमंदिराच्या कपाटात ती बाटली आहे ना, ती द्या, माझा जीव तिच्यात आहे. मंडळी माझ्याकडे आली, कारण कपाटात ती मीच ठेवली होती, पाच वर्षांपूर्वी, नावाची चिठ्ठी न लावता. मी म्हटले, पुन्हा एकदा विचारून या, खरोखर मागतात का? ते पुन्हा गेले. पंत म्हणाले, "अहो, मागतो म्हणजे काय, हट्ट आहे माझा."

तेव्हाच मी या सभेत बोलायचे कबूल केले.

पंतांचा या बाटलीवर लोभ जुना आहे. नवा वाचक आला की ते त्याला कपाटापाशी नेत आणि सांगत, ही विलायतेची कारागिरी. त्यांचे शब्द मला पाठ आहेत. "बघा साहेबाची चिकाटी! आपल्या माणसाला असले काम सांगा, तिसऱ्या दिवशी चहा प्यायला उठेल तो परत यायचा नाही." मी शेजारच्या बाकावर पंचांगाचे गणित करीत असे. मान वर करीत नसे.

सज्जनहो, हे गलबत विलायतेत झाले नाही. ते आपल्याच पेठेत, माझ्या घराच्या मागच्या खोलीत झाले. त्याला साडेचार वर्षे लागली. करणारा माझा धाकटा भाऊ, सावळाराम विंझरकर.

नाव ऐकून पुढच्या रांगेतल्या काही वृद्धांनी खाली पाहिले. तरुणांना ते नाव ठाऊक नाही. ते ठाऊक होऊ नये अशीच व्यवस्था केलेली होती.

सावळाराम दवाखान्यात मलमपट्टीचे काम शिकला होता. गेल्या महायुद्धात माणसे हवी होती, तो मुंबईहून आगबोटीने बसऱ्याला गेला. तीन वर्षे त्याने कापलेले पाय आणि फुटलेली डोकी बांधली. परत आला तो हाडांचा सापळा. आमच्या मातोश्रींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि आठव्या दिवशी आपल्या ज्ञातिसभेचा निरोप आला, की समुद्र ओलांडणारा पतित होय, त्याच्याशी पाणी बंद. ज्ञातिसभेचे अध्यक्ष आजच्यासारखे तेव्हाही त्र्यंबकपंतच होते.

बहिष्काराच्या कागदावर पंतांची सही पहिली. दुसरी कोणाची, हे मी सांगितले नाही तर वरुणाचा पाश माझ्याच गळ्यात पडेल. दुसरी सही माझी. पंत माझ्या ओसरीवर आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शास्त्रीबुवा, घरच्याच माणसाने सही केली की बाकीची तोंडे बंद होतात. त्याचे प्रायश्चित्त होऊ द्या, त्याच दिवशी मी हा कागद माझ्या हाताने फाडतो." मी ग्रंथ पुष्कळ वाचले होते, माणूस वाचला नव्हता. सही केली.

सावळारामाने प्रायश्चित्त घेतले. नीरेच्या घाटावर क्षौर केले, पंचगव्य घेतले, माघातल्या थंड पाण्यात बुड्या मारल्या. ओल्या पंच्याने काकडत तो पायरीवर उभा होता. सारी सभा घाटावर होती. पंतांनी खांद्यावरचे उपरणे सावरले आणि विचारले, "सावळाराम, पश्चात्ताप झाला का?"

विधीत असा प्रश्न कुठेही नाही. मी तो विधी तीस वर्षे सांगत आलो आहे.

सावळाराम म्हणाला, "समुद्र ओलांडल्याचा झाला, असे तुम्ही म्हणत असाल तर म्हणतो. पण तिथे माणसांच्या जखमा बांधल्या, त्याचा कसा व्हावा, पंत?"

"मग प्रायश्चित्त लागू पडले नाही," पंत म्हणाले, आणि जोडे घालून निघाले. कागद फाडला गेला नाही.

त्यानंतर अकरा वर्षे. न्हाव्याने पायरी सोडली, परटाने सोडली. पत्नी माहेरी गेली, तिला माहेरच्यांनी परत पाठवले नाही. मातोश्री वारल्या तेव्हा पोटचा मुलगा श्राद्धाच्या दिवशी परसात बसून द्रोणात वाढलेले जेवला. मी त्याच्याशी बोलत असे, पण उंबऱ्याच्या अलीकडून. एकच माणूस उंबरा ओलांडून आत जाई, तो म्हणजे याकूब. तो त्याच आगबोटीवर कोळसा ओढण्याच्या कामाला होता, पुढे भोरात भांड्यांना कल्हई करू लागला. बाटलीत जहाज उभे करण्याची विद्या कोकणातल्या एका म्हाताऱ्या खलाशाने त्याला दिली होती, ती त्याने सावळारामाला दिली.

मी उंबऱ्यावर बसून पाहिले आहे, म्हणून सांगतो. गलबताचे अंग पांगाऱ्याच्या लाकडाचे, कारण ते हलके असते. डोलकाठ्या बांबूच्या कामट्यांच्या. शिडे जखमेवर बांधायच्या पट्टीच्या कापडाची, त्याच्याजवळ दुसरे कापड नव्हते. डोलकाठ्या बुडाशी दोऱ्याने अशा बांधायच्या की त्या मागे आडव्या निजतील. मग निजलेले गलबत तोंडातून आत सारायचे आणि बाहेर राहिलेला दोरा हळूहळू ओढायचा, की तिन्ही काठ्या आत एकदम उठून उभ्या राहतात. डिंकाचा थेंब टाकून दोरा तापल्या तारेने तोडायचा. पहिली दोन गलबते तोंडाशीच मोडली. तिसऱ्याच्या वेळी याकूब म्हणाला, "मास्तर, ह्ये जहाज जाईल बगा बाटलीत. तुमी मातर गावात शिरत न्हाई." सावळाराम हसला. त्या अकरा वर्षांत तो हसलेला मी जो पाहिला, तो तेवढाच.

पण गलबताच्या आधी आत समुद्र घालावा लागतो. पंत, चष्मा नाकावर आहेच. बाटली किंचित उजेडाकडे करा. लाटा निळ्या आहेत, कपड्यांना घालतात ती नीळ. लाटांच्या कडा पांढऱ्या आहेत, तो कागद आहे. सावळारामाने कागदाच्या बारीक पट्ट्या करून, वळवून, तारेच्या आकड्याने एकेक आत नेऊन राळेत रोवल्या. गलबताच्या तोंडाशी, डाव्या बाजूला, सर्वांत उंच लाट आहे. तिच्यावर शाई दिसते का? ती मोडी आहे. शेवटच्या अक्षराचे शेपूट लांब ओढायची आपली सवय या पेठेत कोण ओळखत नाही? त्या शेपटाचाच त्याने फेस केला आहे.

होय. तो तोच कागद आहे. सभेने वाळीत टाकल्याची जी प्रत त्याला पोचवली होती, ती. आपण फाडायचे वचन दिले होते, ते त्याने पार पाडले. गेली पाच वर्षे आपण लोकांना आपलीच सही दाखवून विलायतेची वाखाणणी करीत होता.

त्याच लाटेच्या मागे दुसरी लहान लाट आहे. ती माझी. मी ती रोज पाहत आलो आहे.

एकतीस साली सावळाराम तापाने गेला. आपला निरोप आला की खांदा देईल त्यालाही तीच शिक्षा. मी उठलो. याकूब होताच. भोंगवलीचा कोंडिबा आला, त्याचा सडत चाललेला पाय सावळारामाने वाचवला होता. तो म्हणाला, "शास्त्रीबाबा, ह्यो पाय त्यांचाच हाय. चालत जायाचं म्हंजे त्यांच्याच पायानं जायाचं. चला." चौथा त्याचा भाऊ मानसिंग. आम्ही चौघे गेलो. मला मात्र सभेने वाळीत टाकले नाही. मुहूर्त कोण काढणार?

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने बाटली माझ्या हाती दिली. म्हणाला, "दादा, ही पंतांना द्या. पण त्यांनी मागितली तरच." कदाचित त्याच्या मनात नुसती भेटच असेल. तो तसा होता. मी तसा नाही. क्षमेची थोरवी मी चाळीस वर्षे कीर्तना-पुराणांतून इतरांना सांगितली, ती खोटी नव्हे. पण मी आज क्षमा करायला उभा नाही. शत्रूच्या घरी शंभर वेळा जाऊन बोलता येते, तो शंभर वेळा दार लावून घेतो. निरोपाच्या सभेत गळ्यात हार असलेल्या माणसाला उठता येत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून मी थांबलो, आणि रोज त्याला दीर्घायुष्य मागितले.

आता थोडेच उरले. पंतांचा नातू शिक्षणासाठी येत्या चैत्रात विलायतेला निघतो आहे. मुलगा गुणी आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. त्याचा विवाह वाईकडे ठरला आहे आणि मुलीच्या वडिलांचे म्हणणे असे, की समुद्रगमनाने दोष लागत नाही असा लेखी निर्णय विंझरकर शास्त्र्यांच्या सहीने यावा, त्यावर ज्ञातिसभेच्या अध्यक्षांची, म्हणजे पंतांचीही सही असावी, नाहीतर सोयरीक मोडली. पंतांनी दोनदा माणूस पाठवला. परवा स्वतः आले, माझ्या त्याच ओसरीवर बसले, आणि माझा हात हातात घेतला.

निर्णय मी लिहिला आहे, तो हा. परोपकारासाठी वा विद्येसाठी जो समुद्र ओलांडतो त्याला दोष नाही, प्रायश्चित्त नाही. खाली दोन नावे आहेत. पहिले कैलासवासी सावळाराम विंझरकर, दुसरे पंतांच्या नातवाचे. माझी सही झालेली आहे, शाई वाळली आहे. एकच कागद आहे. एक नाव खोडून दुसरे ठेवता येणार नाही, कारण दोन्ही एकाच वाक्यात आहेत.

ज्ञातिसभेच्या अध्यक्षांच्या सहीची जागा मोकळी आहे. परंतु सहीच्या आधी एक प्रश्न विचारायची रीत आपणच नीरेच्या घाटावर पाडली. त्या दिवशी विचारणारा कोरडा होता आणि उत्तर देणारा भिजलेला. आज मी तोच विचारतो, याच शब्दांत. पंत, पश्चात्ताप झाला का?

घाई नाही. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणानंतर 'सत्कारमूर्तींचे उत्तर' असे छापलेलेच आहे.

माझे उत्तर मी देऊन ठेवतो. मला झाला. पहिल्या दिवसापासून झाला, आणि त्याचा सावळारामाला काही उपयोग झाला नाही.

अध्यक्षमहाराजांनी मला वेळ दिला, मंडळाने बोलावले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकले, याबद्दल ऋणी आहे. शेवटच्या बाकावर याकूबभाई बसले आहेत. त्यांना पुढची खुर्ची द्यावी अशी विनंती करतो, या भेटीत त्यांचा अर्धा हात आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात शब्द उणाअधिक गेला असेल, मर्यादा सुटली असेल, तर सभेने पदरात घ्यावे. सभेने, असे मी म्हटले आहे.

हा टेकू. हा निर्णयाचा कागद, आणि हा टाक. तिन्ही पंतांच्या पुढ्यात ठेवतो. बाटली आता खाली ठेवायला हरकत नाही.

जो घरून निघाला आहे त्याला वरुणदेव पार नेवो, जो परतला आहे त्याला त्याचे दार उघडे मिळो, आणि हे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या सर्वांना आपल्या सहीची लाज वाटू नये असे आयुष्य लाभो. शुभं भवतु.