ओढ्याच्या खालच्या अंगाला

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या मालकीणबाई, आणि चहा थंड होत असूनही शांत बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

रंगखात्याचा फोरमन बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेनं घड्याळं पाहिली. पाहा खुशाल!

टॉवेल कारखान्यामागचा आपला ओढा आठवतो ना? आज कुठला रंग चाललाय, ते पोरंसोरं पुलावरूनच सांगायची. माझं घर ओढ्याकाठीच. नात झाल्यावर माझी लेक माहेरी आली ती संध्याकाळीच परत गेली. 'बाबा, या वासात बाळाला निजवू कशी?'

अशात बाईंनी परदेशात दुसरा कारखाना काढला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी तोंडावरच विचारलं, 'बाई, इथली घाण आता तिकडे का?' म्हणाल्या, 'फोरमन, तिकडे करू देतील तर ना!'

तिथला नियमच तसा. सांडपाणी नदीत जिथं सुटतं, त्याच्या खालच्या अंगाला कारखान्यानं आपलं पाणी उचलायचं. सोडाल तेच वापराल! झक मारत पाणी शुद्ध करायला शिकावं लागलं. मग बाईंनी तीच यंत्रं इथं आणली आणि आपलाही पाणी उचलायचा पाइप हलवून ओढ्याच्या खालच्या अंगाला बसवला. कुणी सक्ती केली होती? छे!

पहिल्याच आठवड्यात आपल्या पठ्ठ्यांनी जुन्या सवयीनं लाल रंगाची टाकी थेट ओढ्यात सोडली. दुपारपर्यंत पांढरे टॉवेल गुलाबी! हसू नका, ते पठ्ठे इथंच बसलेत. बाईंनी एक टॉवेल उजेडात धरला आणि एवढंच म्हणाल्या, 'आपलंच आपल्याकडे परत आलंय.' पुन्हा तसं करायची कुणाची छाती झाली नाही.

बाई, तुम्ही परदेशी गेलात तेव्हा वाटलं होतं, आता इथं कुलूप लागणार. गेल्या महिन्यात लेक राहायला आली. तिनं ओढ्याकडची खिडकी उघडली, वास घेतला आणि खिडकी तशीच उघडी ठेवून नातीला निजवलं. मी दाराआड डोळे पुसले. हायसं वाटलं हो, फार हायसं वाटलं.

जमलेल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि बाई, रंगखात्याकडून हा टॉवेल. त्याच ओढ्याच्या पाण्यात धुतलाय. उजेडात धरून बघा. न तपासता घेतलात, तर तुम्ही आमच्या बाई नव्हेच.