गोऱ्ह्यावरची उडी

जुईली : तुम्ही हसताय, काका.

खुशालराव : हसू नाई तर काय करू? परत लाव ते तुया गेमचं. हां, थांबव. आता मले सांग, बान कुठून येऊन राहिला?

जुईली : समोरून.

खुशालराव : एकच बान?

जुईली : एकच.

खुशालराव : आन याच्या बाजूले जागा किती?

जुईली : अख्खं मैदान आहे.

खुशालराव : मंग हा उलटा काहून झाला वं?

जुईली : बाण चुकवायला.

खुशालराव : एक पाऊल उजवीकडे गेला असता तर बान मागच्या झाडाले लागला असता. यानं काय केलं? पाठीवर ढाल, कमरेले तलवार, खांद्यावर ते पोतं का काय आहे...

जुईली : भाता आहे, बाणांचा.

खुशालराव : भाता. एवढं सगळं बिऱ्हाड घेऊन उलटी कोलांटी मारली. एकबी बान सांडला नाई. मी छत्तीस वर्ष शाळेत पोरायले कोलांट्या शिकवल्या. कोनाच्या खिशात खेळाची गोटी असली तरी पहिले काढाले लावत होतो.

जुईली : गेममध्ये सामान पडत नाही, काका.

खुशालराव : आन हा उलटा झाला तवा वैरी कुठं दिसला याले? आभाळ दिसलं असन. हवेत गेलेला मानूस म्हंजे फेकलेला गोटा. मधात वळता येत नाई. दुसऱ्या बानवाल्याले तर काम सोपंच झालं. पिच्चरमधीबी तेच. गोळी येते, हिरो तीन पलट्या घेते. तिसरी पलटी गोळी गेल्यावर घेते, तरी लोक शिट्ट्या मारतात.

जुईली : हे मी पुण्यात, आमच्या स्टुडिओत बोलून बघितलंय. एवढं चांगलं नाही जमलं बोलायला. आमचे साहेब म्हणाले, खेळणाऱ्यानं बटण दाबलं की त्याला काहीतरी दिसलं पाहिजे. नायक नुसता एक पाऊल सरकला तर त्याला वाटेल बटणच बिघडलं.

खुशालराव : हां. हे मात्र खरं आहे. पाहनारा असला की मानूस...

जुईली : माणूस काय?

खुशालराव : काई नाई. तुया बाप कुठं राहिला? गिलावडा आनाले गेला का तळाले बसला?

जुईली : तुमच्या अमरावतीच्या राजकमल चौकापर्यंत काठीनं चालत जाणार, चालत येणार. अर्धा तास लागेल. मी मुद्दामच पाठवलं त्यांना. ते असते तर त्यांनीच सगळी गोष्ट सांगून टाकली असती, आणि मला ती तुमच्या तोंडून ऐकायची आहे.

खुशालराव : कोनती गोष्ट?

जुईली : काका, नाटक नका करू. पोळ्याची. आपल्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बैल तोरणाखाली उभे, झडत्यांची गाणी म्हणून झाली, पोळा फुटला, कुणीतरी फटाक्यांची लड लावली आणि पाटलांचा पांढरा गोऱ्हा बुजून सुटला. आणि बावीस वर्षांच्या खुशालरावांनी त्याच्या पाठीवर हात टेकून पलीकडे कोलांटी मारली. बाबा मला झोपवताना हीच सांगायचे. बाकीच्या पोरींनी राजाराणीची ऐकली, मी गोऱ्ह्याची. चौथी-पाचवीत वह्यांच्या मागच्या पानांवर तीच उडी काढायचे. या कामात आले ती त्या उडीमुळंच आले.

खुशालराव : तुया बाप वाढवून सांगते.

जुईली : उडी मारली की नाही?

खुशालराव : मारली.

जुईली : मग ऐका आता. ही तुम्ही हसलात ती उडी मी केलेली आहे. पूर्ण माझी, पहिली. आमच्याकडे नायकाच्या प्रत्येक डावाला नाव असतं. मी साहेबांना सांगितलं, हिचं नाव खुशाल-उडी. सगळ्यांना आवडलं. सोमवारी पक्कं होईल. आणि शेवटी जी नावं येतात त्यात तुमचं पूर्ण नाव, गावासकट.

खुशालराव : नाव काढ.

जुईली : म्हणजे?

खुशालराव : मायं नाव काढून टाक त्यातून. दुसऱ्या कोनाचंबी टाक.

जुईली : लाजताय तुम्ही. अहो, ही साधी उडी नाही. नायकाची सगळ्यात भारी आहे. लवकर मारली तर गुण थोडे. बाण पार नाकाशी येऊ दिला आणि ऐनवेळी बटण दाबलं, तर दुप्पट गुण. आणि तेवढा क्षण सगळं हळू होतं, म्हणजे उडी डोळे भरून बघता येते.

खुशालराव : म्हंजे जवळ येऊ द्याचं.

जुईली : हो.

खुशालराव : मुद्दाम.

जुईली : मुद्दामच. तोच तर खेळ आहे.

खुशालराव : आन मागं कोनी उभं असलं तर?

जुईली : मागं कुणी नसतं. झाडं, दगड. ती नुसती चित्रं असतात.

खुशालराव : माया मागं तुया बाप होता.

जुईली : ते माहीत आहे मला. पळापळीत बाबा पडले आणि गोऱ्हा त्यांच्या मांडीवरून गेला.

खुशालराव : पळापळीत नाई. बस इथं. तो फोन बाजूले ठेव, आन मी बोलतो तवर मधात बोलू नको. मंग मले जमनार नाई.

जुईली : बसले.

खुशालराव : मी मारुतीच्या पाराजवळ उभा होतो. पंजाब माया मागं, हातभर अंतरावर. गोऱ्हा तोरनापासून सुटला तवा आमच्यात आन त्याच्यात पन्नास पावलं होती. मी त्याले येताना पाह्यलं. पंजाबचा हात धरून दोन पावलं पाराच्या आड झालो असतो तर गोऱ्हा सरळ नाल्याकडे निघून गेला असता. लहान लेकराले जमलं असतं ते. पन त्या साली अमरावतीच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आले होते पोळ्याले. समोर खुर्ची टाकून बसले होते. शाळेत पीटी मास्तरची जागा निघनार, हे मले मालूम होतं. मायापाशी वशिला नाई, मार्क नाई. कोलांटी होती. म्हनून मी थांबलो. दोनी हात वर केले, आखाड्यात करतो तसे. आन गोऱ्हा जवळ येऊ देल्ला. तुया त्या गेमसारखा, नाकापाशी. मंग मारली.

जुईली : आणि बाबा?

खुशालराव : मले काय दिसते? मी उलटा होतो. आभाळ दिसलं. पाय टेकले तवा लोक टाळ्या वाजवून राहिले होते. पहिले टाळ्या आयकू आल्या, जुईली. पंजाबचं ओरडनं मंग.

जुईली : बाबा तेव्हा भरतीची तयारी करत होते ना? आई म्हणते कधी कधी.

खुशालराव : पंधरा दिवसांनी अकोल्याले पोलीस भरती होती. रोज पहाटे धावत होता, त्याच्यासंगं कुत्रंबी टिकत नव्हतं. भरतीच्या दिवशी तो प्लास्टरमधी. आन मले त्याच महिन्यात शाळेचं पत्र आलं. मी अमरावतीले आलो, मास्तर झालो, आन तो जिंदगीभर जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या मोजत बसला.

जुईली : बाबांना माहीत आहे हे?

खुशालराव : नाई.

जुईली : तुम्ही कधीच सांगितलं नाही?

खुशालराव : दरवर्षी पोळ्याले येतो ना तुमच्याकडे? घरून निघताना ठरवून निघतो, आज सांगाचं. मंग तुयी आई चहा ठेवते, मी विचारतो कापूस कसा आहे, नळाले पानी येते का. चहा होते, मी उठतो. अडतीस पोळे झाले असे.

जुईली : मला राग येतोय तुमचा, काका. खरं सांगते.

खुशालराव : येऊ दे.

जुईली : इतकी वर्षं मी ती उडी काढत होते, रंगवत होते. बाबांना मी एकदाही त्या चित्रात काढलं नाही.

खुशालराव : तुले कसं मालूम असन? रडू नको. काठी वाजली, तो आला वाटते. डोळे पूस.

(पंजाबराव एका हातात काठी, दुसऱ्या हातात गिलावड्याचा पुडा घेऊन येतात.)

पंजाबराव : गरम हाय तवर खाऊन घ्या. त्यानं दही अलग बांधून देल्लं. काय झालं? कोन गेलं?

खुशालराव : कोनी नाई गेलं. बस. चौकात गर्दी होती काय?

पंजाबराव : चौकात गर्दी नाई राहीन तर कुठं राहीन? पोरीचे डोये काहून लाल?

जुईली : बाबा, काकांना तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे.

खुशालराव : सांगतो मंग. पहिले खाऊ दे त्याले. दही कोनत्या...

जुईली : काका.

खुशालराव : पंजाब, तो गोऱ्हा लांब होता.

पंजाबराव : कोनता गोऱ्हा?

खुशालराव : पाटलाचा. पोळ्याचा. लांब होता तो.

पंजाबराव : हां, तो. होता ना. पन्नास-साठ पावलं असन.

खुशालराव : तुले मालूम होतं?

पंजाबराव : मले का डोये नोयते? एवढा पांढराशिप्पट गोऱ्हा, शिंगाले बेगड लावलेली. आंधळ्यालेबी दिसला असता.

खुशालराव : मंग तू काहून नाई सरकला बे?

पंजाबराव : तू हात वर केले ना. मले समजलं, हा आता मारते. मी पाराच्या आड झालो असतो तर उडी दिसली नसती.

खुशालराव : उडी पाहासाठी उभा राह्यला?

पंजाबराव : तू दाखवासाठी उभा, मी पाहासाठी उभा. दोघंबी येडे. गोऱ्हाच तेवढा शहाना, तो आपला सरळ चालला होता.

खुशालराव : हसू नको पंजाब. मी अध्यक्षाले दाखवासाठी थांबलो होतो. नोकरीसाठी.

पंजाबराव : तेबी मालूम हाय. तू उडी मारून पहिले त्या खुर्चीकडे पाह्यलं. मंग मायाकडे. मी खाली पडून तेच पाहून राहिलो होतो.

जुईली : बाबा, तुम्हाला राग नाही आला?

पंजाबराव : आला ना. काहून नाई येनार? भरतीच्या दिवशी याले अशा शिव्या देल्ल्या दवाखान्यात, का बाजूचा पेशंट म्हने मले दुसरीकडे हलवा. दोन-तीन वर्ष होता राग. याचं तोंड पाहू वाटत नोयतं. मंग कमी झाला. मंग तू झाली. बोलाले लागली तशी विचारे, बाबा, पाय असा काहून? पायाची गोष्ट सांगाले गेलो का तू भोकाड पसरे. उडीची सांगितली का टाळ्या पिटे. मंग मी उडीचीच सांगत गेलो. सांगता सांगता मलेच ती आवडाले लागली.

खुशालराव : तू मले एकदा तरी बोलाचं होतं बे. चार शिव्या तोंडावर द्याच्या होत्या.

पंजाबराव : तू बोलू देत होता का? दरसाल येते. कापूस विचारते, नळ विचारते, शेजाऱ्याची म्हैस गाभन राह्यली का तेबी विचारते. माया पाय सोडून सगळ्या गावाची चौकशी करते. मी हा पाय मुद्दाम लांब करून बसतो तुया समोर. तरी तुयी नजर पंख्याकडे. घे, वडा घे.

खुशालराव : ठेव तिथं. मंग खातो.

जुईली : बाबा, मी त्या उडीला काकांचं नाव देणार होते. आमच्या गेममध्ये.

पंजाबराव : मंग दे. उडी चांगलीच होती. सगळ्या गावात जवळून मीच पाह्यली.

खुशालराव : नको म्हनलं ना तिले.

जुईली : मीही नाही देणार आता. पण ती उडी ठेवणार आहे. नायकाच्या मागं एक माणूस उभा करणार, सोबती. चित्र नाही, बाण लागतो असा. उडी मारली तर टाळ्या मिळतील, गुणही मिळतील, आणि मागच्याला लागेल. आणि दुसरं एक बटण. ते दाबलं की नायक त्याचा हात धरतो आणि दोघं एक पाऊल बाजूला होतात. बस.

खुशालराव : तुये साहेब म्हनतीन, यात दिसते काय?

जुईली : म्हणतील. सोमवारी भांडावं लागेल मला. कदाचित माझं कामही दुसऱ्याला देतील. पण भांडायला हातात काहीतरी पाहिजे. उठा दोघं. मी मोबाईल लावते.

पंजाबराव : वडे थंडे होतीन ना.

जुईली : होऊ द्या. काका पुढं, बाबा मागं, हातभर अंतरावर. बाबा, काठी भिंतीला ठेवा.

पंजाबराव : काठी नाई तर मी पडीन.

खुशालराव : मी धरतो. कोनता हात देते?

पंजाबराव : डावा घे. त्या बाजूनं मले जोर हाय.

जुईली : नुसतं बाजूला व्हायचं. काही दाखवायचं नाही. मी बाण म्हणून येते समोरून. पन्नास पावलं. चाळीस. काका, वाट नका बघू...

खुशालराव : चाल पंजाब.

जुईली : झालं.

पंजाबराव : एवढंच?

जुईली : एवढंच, बाबा.

पंजाबराव : हे तर तवाच जमलं असतं. सोड आता हात, काठी दे. वडे थंडे झाले.

खुशालराव : पंजाब.

पंजाबराव : काय बे?

खुशालराव : पाय कसा आहे तुया?

पंजाबराव : हिवाळ्यात लय दुखते. बस, सांगतो.