अर्जातला सोन्याचा अंश

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल स्टेशनवर कॅलट्रेन, म्हणजे तिथली लोकल, उशिरा होती. शेजारच्या बाकावर एक निवृत्त डॉक्टरीणबाई आपल्या भाच्याशी बोलत होत्या.

"रत्नामावशी, तुमच्या विहिरीचं काय झालं शेवटी?"

"अरे यतीन, दीड वर्ष काउंटीच्या सरकारी ऑफिसला लिहीत होते. जुन्या सोन्याच्या खाणीतलं आर्सेनिक विहिरीत उतरलंय, लॅबचा रिपोर्ट जोडलाय, प्यायला पाणी पाठवा. गुडघे धरून मी कॅन उचलतेय, आणि यांचं दर वेळी एकच उत्तर. तुमची तक्रार आम्हाला महत्त्वाची वाटते."

"ऑटो-रिप्लाय, यार!"

"मग मी रिपोर्ट परत नीट वाचला. अगदी खाली सोन्याचाही अंश लिहिला होता, नावापुरता. या वेळी अर्जात फक्त तेवढंच लिहिलं."

"मावशी! मग?"

"दुसऱ्याच दिवशी काउंटीचे तीन साहेब दारात. विहीर कुठंय म्हणाले. म्हटलं, दाखवते, पण लांबून आलात, आधी पाणी घ्या. तीन ग्लास भरून पुढे ठेवले."

"प्यायले?"

"एकाने विचारलं, पाणी विहिरीचंच का? हो म्हटल्यावर तिघांचेही हात मागे. म्हटलं, आता टँकरचा फॉर्म इथेच बसून भरा."

"भरला?"

"सोमवारपासून टँकर येतोय. जाताना मात्र बजावून गेले, सोन्याचं शेजाऱ्यांना सांगू नका."

"नाही ना सांगितलंत?"

"सांगितलं की! त्यांच्याही विहिरींत तेच पाणी आहे. काल आमच्या रस्त्यावरून अकरा अर्ज गेले."