गोळ्यांची रांग

भाऊ : …म्हणजे पहिल्याच दिवशी माती खाल्ली म्हण ना!

ताई : अरे, पण झालं काय ते नीट सांगशील? मी कामावरून तशीच आले, आणि तू इथे व्हरांड्यात तोंड पाडून बसलायस.

भाऊ : चारला गोळ्यांची घंटा झाली. वॉर्डातले सगळे पेशंट उठून रांगेला लागले. मीही लागलो.

ताई : तू कशाला?

भाऊ : तेच तर! दोनदा भरती होतो ना इथे. घंटा वाजली की पाय आपसूक निघतात. गळ्यात ‘सोबती’ लिहिलेलं नवंकोरं ओळखपत्र, आणि मी सिस्टरसमोर हात पसरून उभा! मोठे डॉक्टर तिथेच होते… हसू नकोस गं.

ताई : हसू नको तर काय करू? गोळी गिळली म्हणून जीभही दाखवलीस का?

भाऊ : दाखवणारच होतो.

ताई : धन्य आहेस बाबा!

भाऊ : तुला गंमत वाटते. महिनाभर बघून मग ठेवायचं की नाही ते ठरवणार आहेत. बस चालवायला तर आता कुणी देणार नाही. माझी सहा वर्षांची दारू, कानात येणारे ते आवाज, या सगळ्याचा उपयोग होईल असं जगात एकच काम आहे, इथल्या पेशंटांना सोबत करायचं. ते मी एका दिवसात घालवलं.

ताई : घालवलं असं कोण म्हणालं?

भाऊ : सिस्टर म्हणाल्या, ड्युटी संपली तरी जाऊ नका, बोलायचंय.

ताई : मग बोलू देत की. रागावल्या तर ऐकून घे. दीड वर्ष थेंबाला शिवला नाहीस तू. मला अभिमान आहे तुझा, रांगेत उभा राहिलास तरी.

सिस्टर : सोबती, आहात ना अजून? बरं झालं.

भाऊ : सिस्टर, चुकलं माझं. पुन्हा असं—

सिस्टर : आधी ऐका. कोपऱ्यातल्या खाटेवरचे वेल्डर. तीन दिवस गोळीला हात लावत नव्हते. आज घेतली.

भाऊ : ते माझ्या मागे उभे होते ते?

सिस्टर : तुमच्याच मागे. मला विचारतात, “हा इथून बरा होऊन गेला ना? मग अजून गोळी घेतो?”

भाऊ : घेतो की. रोज सकाळी, ताईसमोर.

सिस्टर : मग हे त्यांना जाऊन सांगा. मी सांगून थकले, मला दाद देत नाहीत. आणि उद्यापासून रांगेत नाही, रांगेशेजारी उभं राहायचं.

भाऊ : उद्यापासून? मोठे डॉक्टर काही बोलले नाहीत?

सिस्टर : आधी पोटभर हसले. मग म्हणाले, उद्या घंटेआधी यांना वॉर्डात हजर ठेवा.

ताई : जा रे! बघत काय राहिलास?

(भाऊ आत जातो.)

सिस्टर : वेळ लागेल हं त्यांना.

ताई : लागू दे. तो भरती होता तेव्हाही मी इथेच बसायचे, सिस्टर. ओढणीत तोंड लपवून. सासरी सांगितलं होतं, भाऊ बाहेरगावी कामाला आहे.

सिस्टर : मग आत माझ्या खोलीत बसा ना. इथे रस्त्यावरून सगळं दिसतं.

ताई : दिसू दे की. कुणी विचारलं तर सांगेन, माझा भाऊ इथे कामाला आहे.